बिनखुणेची प्लेट

दाजी,

तुम्ही गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात बोलणाऱ्यांनी तुमचे जन्मगाव, कारखान्यातील नोकरी, दोन्ही मुलींची शिक्षणे असे सारे नीट सांगितले. त्यात मला भर घालायची नाही. त्या दिवशी मी जे बोललो ते भलत्याच अर्थाने ऐकले गेले. आणि जे बोलायला हवे होते, ते तुम्ही ऐकू शकत होतात तोवर मी बोललो नाही. म्हणून आता लिहायला बसलो आहे. फार थकून बसलो आहे, हेही सांगतो. महिनाभर मी काही वेगळे काम केलेले नाही. कॉलेज, घर, जेवण. तरी संध्याकाळी जिना चढताना कठड्याला धरावे लागते.

समोर टेबलावर तीन वस्तू आहेत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तुम्ही लेथवर केलेली पोलादी कपलिंगे. त्याच्या शेजारी बाजारातून मागवलेले एक ॲल्युमिनियमचे कपलिंग, चिरलेले. आणि तळहाताएवढी एक ॲल्युमिनियमची प्लेट, जिच्यावर काहीही लिहिलेले नाही. ही प्लेट मी केली होती. तिच्याविषयीच मला बोलायचे आहे.

तुम्ही गंगाखेडकडच्या साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालात आणि माझ्या बहिणीला, अक्काला, घेऊन पिंगळीला राहायला आलात, तेव्हा माझ्या मनात ते यंत्र घर करून बसलेले होते. परभणीत माझ्या घरामागे पत्र्याची खोली रिकामी होती. लाकडावर आपोआप कोरीव काम करणारे एक यंत्र घरच्या घरी उभे करायचे, तीन मोटरी, तीन लांब स्क्रू, वर फिरणारे कोरणे, असे मी कागदावर कितीदा काढले होते. मी पदार्थविज्ञान शिकवतो. कागदावर माझे सगळे जुळते. हाताला मात्र सवय नव्हती. ती तुमच्याकडे होती. तुम्ही रविवारी सकाळी नवाच्या गाडीने पिंगळीहून यायचात, बाहेर चपला काढायचात, आणि माझ्या बायकोने चहा ठेवायच्या आत विचारायचात, "काय मनतंय लोखंड?"

यंत्राला पहिले काम काय द्यायचे, हे तुम्हीच ठरवलेत. पिंगळीच्या विहाराला नवे दार बसत होते. त्यावर सागवानी फळीत कोरलेले धम्मचक्र हवे, चोवीस आरे आणि बाहेरचे वर्तुळ. "गोल निघाला तर यंत्र खरं," तुम्ही म्हणालात. "सरळ रेघ काय, कुणीबी मारतंय." त्या वाक्यात किती शहाणपण होते ते मला फार उशिरा कळले. वर्तुळ काढताना दोन मोटरी एकमेकींचा अंदाज घेत फिरतात. एक जरी केसभर चुकली, तरी वर्तुळाचा शेवट त्याच्या सुरुवातीला येऊन मिळत नाही.

मग कपलिंगांचा वाद सुरू झाला. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोटरचा दांडा आणि यंत्राचा स्क्रू यांची टोके समोरासमोर आणून त्यांना एकत्र पकडणारा अंगठ्याएवढा तुकडा म्हणजे कपलिंग. एवढ्याशा तुकड्यावर आपण चार रविवार घालवले. मी तीन नमुने मागवून टेबलावर मांडले होते. तुम्ही त्यातला सर्पिल खाचेचा उचललात आणि डोळ्यांजवळ धरलात.

"हे काय, स्प्रिंग हाय का?"

"खाच कापलेली आहे, दाजी. मोटर आणि स्क्रू अगदी एका रेषेत नसले तरी हे वाकून घेते."

"कामून नसतील एका रेषेत?"

"थोडाफार फरक राहतोच."

"राहतो, का आपण ठेवतो?"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. दुसरा नमुना दोन दातेरी तुकड्यांचा आणि मध्ये रबराच्या फुलाचा होता. तो तुम्ही बोटांत पिळून पाहिलात आणि लगेच बाजूला ठेवलात. "हे आमच्या पंपाला असायचं. तिथं चांगलं. तुमच्या चाकाला न्हाई चालायचं. मोटर उलटी फिरली की रबर जराक दबतंय, आन तेवढंच लाकडावर दिसतंय." तिसरे साधे, घट्ट, नळीसारखे कपलिंग होते, त्याला वाकणे ठाऊक नव्हते. तुम्हाला तेच हवे होते. "हेच्यात लबाडी चालत न्हाई, मास्तर. सेंटर चुकलं की हे लगेच तक्रार करतंय. मग आपण सेंटर नीट करायचं." मी म्हणालो, परदेशात घरी यंत्रे करणारे झाडून सगळे सर्पिल खाचेचेच वापरतात. तुम्ही म्हणालात, "वापरू द्या. तेंच्या घरी फिटर नसंल."

अक्का त्या दिवशी तुमच्यासोबत आली होती. दारातून म्हणाली, "रविवारी तरी त्या लोखंडाला सुट्टी द्या की. दोघं मिळून एक नळी ठरवायलेत चार हप्ते झाले."

शेवटी मी मान्य केले. आज स्वतःला विचारतो, पटले म्हणून मान्य केले का? नाही. तुमचा मान ठेवावा म्हणून केले, आणि मनात नोंद ठेवली की ही निवड तुमची आहे. चुकली तर तुमची. असे हिशेब मी हळू आवाजात, हसतमुखाने करतो. मला ते आता दिसते.

जिंतूरच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारातून तुम्ही शाफ्टचा तुकडा आणलात. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथ मागून घेतलात आणि त्यातून कपलिंगे काढलीत. एका बाजूचे भोक आठ मिलिमीटरचे, दुसऱ्या बाजूचे दहाचे, आणि दोन्ही एकाच बांधणीत केलेली; तुकडा मध्ये एकदाही सोडला नाहीत, कारण सोडून पुन्हा धरला की दोन भोकांचे केंद्र एक राहत नाही. मला ते पाहताना कंटाळा आला होता. काम संपल्यावर तुम्ही खिशातून पंच, ठोकून ठिपका पाडायची टोकदार कांडी, काढलात, छोट्या हातोडीने प्रत्येकावर तीन ठिपके मारलेत, त्रिकोणात. तुमची खूण.

"कारखान्यात ज्यानं केलं त्याची खूण असायची," तुम्ही सांगितलेत. "घंगाळाएवढाली कपलिंगं. गाळप थांबलं की समदी उघडायची, डायल लावून सेंटर बघायचं. मोडलं-बिडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या ते ठाऊक पायजे ना."

दोन मोटरी बसवायच्या प्लेटी तयार मिळाल्या; तिसऱ्या, आडव्या स्क्रूच्या मोटरीची प्लेट मी केली होती. मधले मोठे भोक आणि चार कोपऱ्यांची भोके, सगळे माझ्या हाताने, घरच्या ड्रिलने. तुम्ही ती उलटसुलट करून पाहिलीत आणि पंच माझ्यापुढे धरलात.

"मारा खूण."

"घरच्या यंत्राला कशाला खूण, दाजी? आणि मला कुठे खूण आहे?"

"देतो की मी. दोन ठिपके, मधी रेघ. तुमचा चष्मा."

माझी बायको खूप हसली. मीही हसलो, आणि पंच तुम्हाला परत दिला. प्लेट तशीच बसवली.

जोडणी झाल्यावर तुम्ही मोटरची वायर काढून ठेवलीत आणि डोळे मिटून दोन बोटांनी स्क्रू फिरवत राहिलात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणालात, "मोटरकडं आलं की जड लागायलंय. एकदा प्लेटीचं सेंटर बघा, मास्तर." मी म्हणालो, बेअरिंग नवे आहे, चार दिवसांत मोकळे होईल. तुम्ही पुन्हा एकदा स्क्रू फिरवलात, पुन्हा तिथेच थांबलात. काम माझ्या घरचे होते. दुसऱ्याच्या घरी दोनदा सांगायचे नाही, ही तुमची रीत. मग तुम्ही कानामागची निळी पेन्सिल काढून प्रत्येक मोटरचा दांडा, कपलिंग आणि स्क्रू यांच्यावरून एक सलग रेघ ओढलीत. कपलिंग दांड्यावर घसरले तर ही रेघ तुटते, एवढे सोपे. "मनजे भांडण नको," तुम्ही म्हणालात.

विहार समितीची माणसे पाहायला आली तो दिवस मला पुसून टाकता आला असता तर मी बाकी काही मागितले नसते. पाच जण आले होते. समितीचे वयस्कर अध्यक्ष, ज्यांना तुमच्या गावात सगळे बापू म्हणतात, ते खुर्चीत बसले. बाकीचे भिंतीला टेकून उभे. दान मिळालेली सागवानी फळी मी यंत्रावर बांधली आणि कळ दाबली. कोरणे वरून निघाले, उजवीकडून खाली गेले, डावीकडून वर आले, आणि जिथून निघाले होते त्याच्या आगपेटीच्या काडीच्या जाडीइतके बाहेरून निघून गेले. खोलीत लाकडाचा वास होता.

"चाक जुळंना की, सर," बापू म्हणाले.

मी चष्मा काढून पुसला. मग म्हणालो, "कपलिंग घसरले असणार. हाताने केलेले आहे ना, त्याला मर्यादा येतात. बाजारातले मागवतो, म्हणजे ठीक होईल."

मी आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. आयुष्यभर लोक माझ्या या गुणाचे कौतुक करत आले, आणि त्या दिवशी मला कळायला हवे होते की हळू आवाजात ठेवलेला ठपका अधिक खरा वाटतो. समोरच्याला रागही धरता येत नाही.

तुम्ही बोळ्याने हात पुसत उभे होतात. म्हणालात, "रेघ मारलेली हाय. बघू का?"

"आता नको, दाजी. या सगळ्यांना गाडी गाठायची आहे."

"बरं."

बापूंनी गमतीने विचारले, "काय हो मिस्त्री, कारखान्यात बी असंच करत होते का?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. जाताना ती बिघडलेली फळी काखेत मारलीत, म्हणालात, घरी कामाला येईल. तुमचा पंच, हातोडी आणि निळी पेन्सिल माझ्या टेबलावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजहून आल्यावर मी कपलिंगे काढायला बसलो. दाजी, रेघ शाबूत होती. तिन्ही मोटरींवर. दांड्यावरून कपलिंगावर, कपलिंगावरून स्क्रूवर, कुठेही केसभर सरकलेली नव्हती. मी बराच वेळ तिच्याकडे पाहिले. मग घासलेटचा बोळा घेतला आणि पुसून टाकली. पुसताना स्वतःला सांगितले की पेन्सिलची रेघ जाड असते, एवढी बारीक घसर तिच्यात दिसणार नाही. मी तीस वर्षे मोजमापातल्या चुका शिकवतो. हे वाक्य परीक्षेत एखाद्याने लिहिले असते तर मी गुण दिले नसते.

सर्पिल खाचेची कपलिंगे लावली आणि चाक गोल निघाले. पहिल्याच खेपेला. माझ्या प्लेटीचे केंद्र चुकलेले होते, आणि ते कपलिंग दर फेऱ्याला वाकून ती चूक अंगावर घेत होते. पण त्या दिवशी मला फक्त गोल चाक दिसले. मला खरोखर वाटले की मी बरोबर होतो. दार बसले, त्यावर चक्र बसले. बापूंनी मला शाल दिली आणि सगळ्यांसमोर सांगितले, "सरांनी नवं कपलिंग आणलं, आन चाक जुळलं." तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला होतात. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी तुमच्याकडे पाहिले ते एकदाच.

पुढच्या रविवारी तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी फोन केला नाही. बायको म्हणाली, "दाजींना विचारा तरी." मी म्हणालो, त्यांचा पाय दुखत असेल. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले होते. पत्र्याच्या खोलीत आता मला कुणी प्रश्न विचारत नव्हते.

काही महिन्यांनी ते सर्पिल कपलिंग चिरले. खाचेच्या टोकाशी एक बारीक भेग, मग तुकडाच. तोवर चालून गेलेल्या असंख्य फेऱ्यांत ते प्रत्येक वेळी वाकत आले होते. तेव्हा मी पहिल्यांदा प्लेट काढून नीट मोजली. मधले भोक पाऊण मिलिमीटर सरकलेले होते. तुमच्या घट्ट कपलिंगाने तक्रार केली होती. स्क्रू मोटरजवळ अडकत होता, मोजक्या पावलांनी फिरणाऱ्या मोटरची पावले चुकत होती, म्हणून चाक जुळले नव्हते. तुमच्या बोटांना ते डोळे मिटून कळले होते.

मी तसलेच दुसरे कपलिंग मागवले आणि चिरलेले पुस्तकांच्या कपाटात, मागच्या रांगेत ठेवले.

तुम्हाला सांगायला मी दोनदा पिंगळीला आलो, खिशात ते चिरलेले कपलिंग घेऊन. पहिल्यांदा घरात पाहुणे होते. दुसऱ्यांदा तुम्ही अंगणात एकटेच होतात, सायकल उलटी करून चेन बसवत होतात. हात काळे. मान वर न करता विचारलेत, "काय मनतंय यंत्र?"

"चालू आहे."

"मोटरकडं जड लागतंय का आता?"

"नाही."

शब्दशः ते खरे होते. जड लागत नव्हते. तुम्ही चेनच्या शेवटच्या कडीवर बोट ठेवून क्षणभर थांबलात आणि म्हणालात, "मग झालं." यंत्राविषयी आपण बोललो ते एवढेच शेवटचे. खिशातला हात मी बाहेर काढला तेव्हा त्यात काही नव्हते. अक्काने चहा आणला. आपण पिकांविषयी बोललो, धाकटीच्या बदलीविषयी बोललो. मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

आणि मग एका सकाळी अक्काचा फोन आला. त्याविषयी मला लिहिता येत नाही.

पुण्यानुमोदनाला त्रिशरण-पंचशील झाल्यावर बापूंनी माझे नाव घेतले. मी उभा राहिलो आणि ठरवून आलो होतो ते बोललो. म्हणालो, "चाक पहिल्यांदा जुळले नाही ते माझ्या चुकीने. दाजींच्या कामात दोष नव्हता." मला वाटले होते लोक चमकतील, कुणी तरी विचारील की मग तेव्हा का बोलला नाहीत. कुणी चमकले नाही. दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. बापू उठले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "हेला मनतात मोठं मन. गेलेल्या माणसाचा दोष सर सोताच्या अंगावर घ्यायलेत." मी तोंड उघडले, पण पुढचा माणूस बोलायला उभा राहिला होता. मी खाली बसलो. उभा राहिलो होतो त्यापेक्षा चांगला माणूस होऊन खाली बसलो, दाजी. याहून वाईट मला त्या दिवशी काही होऊ शकले नसते.

लोक पांगल्यावर मी अक्काजवळ स्वयंपाकघरात बसलो. ती तांदूळ निवडत होती. रांजणावर झाकण म्हणून ती बिघडलेली फळी होती, तुम्ही काखेत मारून आणलेली. वर तांब्या पालथा घातलेला. त्या चाकाची न जुळलेली दोन टोके माझ्या बरोबर समोर होती. मी तिला सगळे सांगितले. प्लेट, रेघ, घासलेटचा बोळा, कपाटातले कपलिंग. तिने एकदाही हात थांबवला नाही.

"मग हे मला कामून सांगायलास?" ती म्हणाली.

"त्यांना ठाऊक होते का, अक्का?"

"मला काय ठाऊक."

"कधी काही बोलले असतील."

"ठाऊक होतं मनलं तर तुला बरं वाटंल. माफ केलं असं धरून तू घरी जाशील. ठाऊक नव्हतं मनलं तर रडत बसशील. तेंनी मला सांगितलंच न्हाई, तर मी कामून खोटं बोलू?" तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "एवढं ठाऊक हाय. रविवारी सकाळी दाढी करायचे. धुतलेला शर्ट घालून वट्ट्यावर बसायचे. नवाची गाडी गेली की आत यायचे आन शर्ट काढून ठेवायचे. मी मनायचे, जावा की, कोण अडवलंय? तर मनायचे, मास्तर बोलवू दे."

"किती दिवस?"

"गेले त्याच्या आदल्या रविवारपर्यंत."

 इथे मी अनेकदा लिहून खोडले. माझ्या घरातून पिंगळीला फोन लावायला दहा आकडे दाबावे लागतात.

एवढे लिहून मी पत्र बाजूला ठेवले होते; गेल्या रविवारी नवी प्लेट घेतली. या वेळी घरचे ड्रिल वापरले नाही. त्याच वर्कशॉपमध्ये गेलो, जिथे तुम्ही लेथ मागून घेतला होतात. तिथल्या मिस्त्रीने ओळखले. "ते तीन ठिपकेवाले मिस्त्री कुठं हायत?" मी सांगितले. त्याने हातातले काम बाजूला ठेवले आणि स्वतः उभे राहून मला सेंटर काढायला शिकवले. भोक पडले, मोजले, पुन्हा मोजले. घरी येऊन प्लेट बसवली आणि बिस्किटांच्या डब्यातून तुमची कपलिंगे काढून लावली. डोळे मिटून दोन बोटांनी स्क्रू फिरवला. मोटरजवळ किंचित लागत होते. मी बोल्ट सैल केले, प्लेट हलवली, पुन्हा आवळले. पुन्हा फिरवले. असे किती वेळा केले ते मोजले नाही; दुपारचे जेवण राहून गेले, बायको दोनदा दारात येऊन गेली. शेवटी स्क्रू या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच गेला. बोटांना कळले. मला वाटले नव्हते माझ्या बोटांना कधी कळेल.

तुमच्या निळ्या पेन्सिलीने रेघ ओढली आणि एका साध्या फळीवर चाक कोरायला लावले. कोरणे वरून निघाले, फिरून वर आले आणि आपल्याच खाचेत अलगद उतरले. मी बोट फिरवून पाहिले. सुरुवात कुठली ते सापडेना. रेघ शाबूत होती. ती मी पुसलेली नाही, पुसणार नाही.

मला आनंद झाला असे म्हणवत नाही. मी स्टुलावर बसून राहिलो. तुमच्या शेजारी बसून हे दोन वर्षांपूर्वी, अर्ध्या तासात करता आले असते. तुम्ही फक्त "सेंटर बघा" म्हणाला होतात. मला शिकवणारे किती लोक भेटले, पण माझी चूक माझ्या हातात देऊन, ती दुरुस्त करायला मला जागा ठेवून, बाजूला उभे राहणारे तुम्ही एकटेच होतात. याबद्दल आभार मानायचे राहून गेले. माफी मागायची राहून गेली ते वेगळे.

मग जुनी प्लेट घेतली. तिला ऐरण म्हणून लोखंडी कोनाचा तुकडा खाली ठेवला. तुमचा पंच धरला, तुमचीच हातोडी. पहिला ठिपका बरा पडला. मधली रेघ पंचाने मारता येईना, म्हणून छिन्नीने ओढली. दुसरा ठिपका मारताना पंच सरकला आणि तो जरा खाली गेला. चष्मा नाकावरून घसरल्यासारखा दिसतो. तुम्ही पाहिला असतात तर म्हणाला असतात, हुबेहूब तुमीच.

उद्या रविवार आहे. सकाळच्या गाडीने मी पिंगळीला निघणार आहे, दाढी करून. प्लेट, चिरलेले कपलिंग आणि एक मोजपट्टी पिशवीत ठेवली आहे. बापूंच्या अंगणात बसून पट्टी त्यांच्याच हातात देणार आहे, म्हणजे भोक किती सरकले आहे ते त्यांना स्वतः मोजता येईल आणि माझ्या बोलण्यावर विसंबावे लागणार नाही. भाषण करणार नाही. ते पुन्हा मोठ्या मनाचे काही बोलू लागले, तर मोजून होईपर्यंत थांबा, एवढेच म्हणेन. तिथून अक्काकडे जाईन. तिला नवी फळी हवी असेल तर देईन. जुनीच राहू दे म्हणाली तर जुनीच राहील.

प्लेटीवर खूण मारली आहे, दाजी. शिव्या कुणाला द्यायच्या, ते आता कुणालाही कळेल.